ट्यूब अँपला मल्टी-इफेक्ट जोडल्यावर येणारी घूं : फोर केबल, अर्थिंग आणि बाकी सगळं

सहा_तारा

मंडळी, मदत हवी आहे.

माझ्याकडे ४० वॅटचा ट्यूब कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. दोन चॅनल, मागे सिरीज इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीअँपनंतर (अँपच्या सूर घडवणाऱ्या पहिल्या भागानंतर) सिग्नल 'सेंड'मधून बाहेर काढून 'रिटर्न'मधून परत घ्यायची वाट. आतापर्यंत गिटार सरळ अँपमध्ये लावून वाजवत होतो, काही तक्रार नव्हती. आता मल्टी-इफेक्ट (अनेक पेडल एकाच डब्यात) घेतलाय. त्याला स्वतःचा सेंड-रिटर्न आहे, म्हणून फोर केबल मेथडने जोडला:

१. गिटार → मल्टीचा इनपुट
२. मल्टीचा सेंड → अँपचा पुढचा इनपुट
३. अँपचा सेंड → मल्टीचा रिटर्न
४. मल्टीचा आउटपुट → अँपचा रिटर्न

वाजतं छान. ड्राइव्ह (फाटलेला आवाज) अँपचाच राहतो, डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) प्रीअँपच्या नंतर पडतात, त्यामुळे डिलेच्या शेपट्या चिखल होत नाहीत. ज्यासाठी हा खटाटोप केला ते मिळालं. पण चारही केबल लागल्या की घूंऽऽ सुरू होते. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच. क्लीनवर आहे, गेन चॅनलवर तर विचारूच नका. अधूनमधून त्यात चर्रर्र असा बारीक आवाजही मिसळतो.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावून पाहिला. वाजवणं थांबलं की गप्प होतो, पण लांब सूर धरला की त्याच्या खाली घूं चालूच असते आणि सूर विरताना गेट मधेच कापतो. त्यात मजा नाही.

एका मित्राने सांगितलं की अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक, आवाज जाईल. करावं का? पुण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो.

---

व्हॉल्व्हवेडा

बाकीचे बोलतीलच, मी आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. अर्थ पिन काढायची नाही. एका दिवसापुरती नाही, "फक्त बघायला" म्हणूनही नाही.

हा सल्ला टिकून राहिलाय कारण पिन काढल्यावर आवाज बऱ्याचदा खरोखर कमी होतो. अर्थचं वर्तुळ कुठेतरी तुटतं, म्हणून. पण त्याची किंमत बघा. ४० वॅटच्या ट्यूब अँपमध्ये पॉवर ट्यूबच्या प्लेटवर ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. अँपची चेसिस (धातूचा सांगाडा) अर्थ पिनला जोडलेली असते. आतली एखादी वायर सुटली, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज चेसिसला टेकली, तर करंट अर्थमधून धावतो आणि फ्यूज किंवा एमसीबी (मेन्सचा आपोआप पडणारा स्विच) उडतो. पिन नसेल तर काहीच उडत नाही. चेसिस 'गरम', म्हणजे जिवंत करंटची राहते, म्हणजे केबलची जाळी (सिग्नलच्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टन) गरम, म्हणजे गिटारचा ब्रिज गरम, म्हणजे तारा. आणि तारांवर तुमचा हात. दुसरा हात किंवा ओठ मायक्रोफोनला लागले, तो मायक्रोफोन मिक्सरमधून अर्थला गेलेला, की वर्तुळ तुमच्या छातीतून पूर्ण होतं.

स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी इथे स्टेजवरच गेला, अर्थिंग नीट नसलेला मायक्रोफोन हातात धरल्यामुळे. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. दोघेही विशी-तिशीतले, रोज तेच काम करणारे.

वर्तुळ तोडायचंच आहे, पण ते सिग्नलच्या बाजूला तोडायचं. त्याचे उपाय आहेत आणि ते अर्थ पिनेला हात न लावता होतात.

---

ठाणेकर_बेसिस्ट

वरच्या प्रतिसादाला +१. आणि जुनी बिल्डिंग म्हणालात म्हणून: भिंतीत अर्थ आहे का हे आधी तपासा. सॉकेटला तिसरं भोक असणं आणि त्यामागे अर्थिंग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून वायरमनकडून तीन मापं घेऊन घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ अगदी थोडं, दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ जर ९०, १४० असं काहीही दाखवत असेल आणि आकडा हलत असेल, तर ती पिन हवेत लोंबकळते आहे असं समजा. नुसत्या टेस्टरने अर्थ आहे की नाही कळत नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की मेन्स तोडणारा स्विच) नसेल तर तीही बसवून घ्या. नव्या पेडलपेक्षा स्वस्त आहे.

---

कोथरूडची_स्ट्रॅट

मीही वाचते आहे, माझंही असंच आहे, फक्त माझ्याकडे घूंपेक्षा सूंऽऽ जास्त. हिस म्हणतात तो. तोही अर्थिंगमुळेच का?

---

सोल्डरगंध

थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळे आवाज एकाच पोत्यात घातले की दुरुस्ती होत नाही. अँप दुरुस्तीला येतो तेव्हा मी आधी कान लावतो, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची. हा सूर गिटारवर नाहीच, जाड ई ८२ हर्ट्झची असते. बेस असेल तर त्याच्या ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी (G) हा सूर ४९ हर्ट्झला मिळतो. गिटारवर त्याच्या वरचं सप्तक मिळतं: सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, ९८ हर्ट्झ. अँपमधली घूं आणि हा जी एकत्र ऐका. घूं जीपेक्षा किंचित चढी पण अगदी जवळची लागली तर ती मेन्सचीच. आता ती ५० ची की १०० ची हे ठरवायचं. खोल, गोल, पोटात जाणवणारी घूं ही ५० ची: अर्थ लूप (वर म्हटलेलं अर्थचं वर्तुळ) किंवा चुंबकीय क्षेत्र. थोडी कडक, वर दाते असलेली घरघर १०० ची: अँपमधल्या रेक्टिफायरनंतरची (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर उरलेली) रिपल, म्हणजे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असण्याची शक्यता. दुसरी असेल तर केबलशी कितीही खेळलात तरी जाणार नाही, कपॅसिटर बदलावे लागतील.

तिसरी चर्रर्र. तीक्ष्ण, माशी बाटलीत अडकल्यासारखी. ही बहुतेक खोलीतूनच येते. तिच्यावर खाली येतो.

चौथी सूं, म्हणजे हिस. तिचा अर्थिंगशी संबंध नाही. ती गेनची आणि लेव्हलची गोष्ट आहे. कोथरूडच्या ताई, तुमच्यासाठी वेगळा प्रतिसाद लिहितो.

सहा_तारा, आता तुमचं. पुढच्या क्रमाने करा आणि प्रत्येक पायरीला मास्टर व्हॉल्यूम तोच ठेवा, नाहीतर तुलना होणार नाही.

सगळ्या केबल काढा. अँप एकटा. शांत असायला हवा, ट्यूबची हलकी सूं सोडून. मग अँपच्या मागे सेंड ते रिटर्न एक आखूड केबल लावा. इथे घूं आली तर अँपच्या लूपमध्येच काही आहे. नाही आली तर मल्टी फक्त लूपमध्ये जोडा, म्हणजे केबल ३ आणि ४. पुढचा इनपुट रिकामा. मग उलट करा: ३ आणि ४ काढा, फक्त १ आणि २ लावा. शेवटी चारही.

माझा अंदाज: वेगवेगळं शांत, चारही लागले की घूं. तसं असेल तर तो केबलच्या जाळ्यांनीच तयार केलेला लूप आहे.

इथे बरेच जण अडखळतात. म्हणतात, "माझ्या मल्टीचा अडॅप्टर दोन पिनांचा आहे, त्याला अर्थ नाहीच, मग अर्थ लूप कुठून आला?" दुसऱ्या केबलची जाळी मल्टीचा ग्राउंड आणि अँपचा ग्राउंड जोडते. तिसरीची जाळीही तेच दोन ग्राउंड जोडते. चौथीचीही. भिंतीतल्या अर्थचा इथे संबंधच नाही, तीन केबलींनी मिळून बंद कडी तयार केली. त्या कडीच्या पोटातून जेवढं चुंबकीय क्षेत्र जाईल तेवढा करंट जाळीत फिरतो. आणि अँपच्या मागे काय असतं? अँपचा स्वतःचा पॉवर ट्रान्सफॉर्मर. दुसरी केबल अँपच्या उजवीकडून, तिसरी-चौथी डावीकडून आणली की मोठी कडी झाली आणि ट्रान्सफॉर्मर नेमका मधे बसला.

पडताळा सोपा आहे. घूं चालू असताना केबल हाताने उचलून जागा बदला. आवाज कमी-जास्त झाला तर चोर सापडला.

म्हणून पहिला उपाय फुकट आहे. २, ३, ४ या तिन्ही केबल एकत्र घ्या, दर वीतभर अंतरावर वेल्क्रोने बांधा, एकच जुडगा करून अँपच्या एकाच बाजूने न्या. लागेल तेवढ्याच लांबीच्या घ्या. सहा मीटरच्या केबलचं वेटोळं अँपच्या पाठीमागे ठेवू नका. मेन्सची वायर शेजारून समांतर नेऊ नका, ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. अँप आणि मल्टी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. एवढ्यानेच बऱ्याच जणांचं भागतं.

नाही भागलं तर दुसरा उपाय, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. एकास एक प्रमाणाचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असतो, सिग्नल चुंबकाने पलीकडे जातो, जाळी तुटते. तयार डब्या मिळतात, एबटेकचा हम एलिमिनेटर हा जुना आणि नावाजलेला. तो केबल २ मध्ये घाला. ३ आणि ४ शेजारी-शेजारी बांधलेल्या असल्या की त्यांच्यातली कडी इतकी चिंचोळी होते की सहसा ऐकू येत नाही. दोन गोष्टी सांभाळा. ही डबी गिटार आणि मल्टीच्या मधे लावू नका, पॅसिव्ह पिकअपला तिचा भार झेपत नाही आणि वरचे सूर मरतात. मल्टीचा सेंड लो इम्पिडन्सचा असतो, त्याला चालते. आणि डबी अँपच्या अंगावर ठेवू नका. तीही ट्रान्सफॉर्मरच आहे, मोठ्या भावाजवळ नेली की स्वतःच घूं पकडते.

तिसरा उपाय सोल्डर करता येत असेल तर. केबल ३ आणि ४ च्या एका टोकाचा जॅक उघडा आणि जाळी फक्त त्या टोकाला सोडवा. ज्या टोकातून सिग्नल निघतो तिथे जोडलेली राहू द्या, जिथे पोहोचतो तिथे कापा. म्हणजे ३ ची मल्टीच्या रिटर्नकडची, ४ ची अँपच्या रिटर्नकडची. सुटलेल्या जाळीवर हीटश्रिंक चढवा, नाहीतर हलली की टेकते आणि तुम्ही पुन्हा शोधत बसता. केबल २ ला हात लावायचा नाही, पुढचा इनपुट सगळ्यात नाजूक असतो आणि दोन्ही यंत्रांचा ग्राउंड आता तिच्या एकटीच्या भरवशावर आहे. इथे कापली जाते ती सिग्नलची जाळी. अँपची अर्थ पिन जिथल्या तिथे, सुरक्षिततेला धक्का नाही.

या दोन केबलींना लाल टेप गुंडाळा. चुकून कोणी त्यातली एक गिटारला लावली तर जाळीच नसल्यामुळे अँप असा भुंकेल की स्पीकर फाटायची भीती.

मल्टीलाही तीन पिनांचा प्लग असेल तर मात्र भिंतीतून आणखी एक रस्ता तयार होतो आणि नुसतं ३-४ कापून पुरत नाही. मग केबल २ मध्ये आयसोलेटरही लागेल.

---

ठाणेकर_बेसिस्ट

चर्रर्रबद्दल मी लिहितो. पंखा बंद करा.

खरंच सांगतोय. फिरवायच्या बटणाचे जे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहेत, जे सलग फिरतात, त्यांच्यात ट्रायक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा धारदार कडा. स्ट्रॅट-टेली गिटारचे सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप ती कड थेट उचलतात. पंखा पूर्ण जोरात ठेवला की आवाज बराच कमी होतो कारण तेव्हा जवळजवळ काहीच कापलं जात नाही. टकटक पायऱ्यांचे कपॅसिटरवाले रेग्युलेटर मिळतात, त्यांचा हा त्रास नाही. पंख्यासारखेच डिमरवाले दिवे.

दुसरा भिडू इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्यूब अँप चालवू नका. आवाज घाण येतो हा एक भाग, ट्रान्सफॉर्मर तापतो हा दुसरा. साइन वेव्हचा असेल आणि वॅट पुरत असतील तर ठीक.

आणि तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. दोन पिनांच्या एसएमपीएस (हलक्या, स्विचिंग प्रकारच्या) अडॅप्टरमध्ये मेन्सच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूला एक छोटा वाय कपॅसिटर असतो. त्यामुळे अर्थ नसलेलं यंत्र मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतं. करंट फार थोडा असतो, त्याने माणूस मरत नाही. अँपचा अर्थ चांगला असेल तर मल्टीला जोडलेल्या केबलमधून तो निमूटपणे निघून जातो. मुंग्या येत असतील तर निघून जायला वाट नाही, म्हणजे तुमचा अर्थ गायब आहे.

---

जर्सीवाला

इथे न्यू जर्सीत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, त्यामुळे आमची घूं वेगळ्या सुरात. १२० हर्ट्झ हा बी आणि बी फ्लॅटच्या बरोबर मधे पडतो, कुठल्याच रागात बसत नाही. तुम्हा लोकांना निदान जी मिळतो.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. सहा_तारांचा लूप सिरीज आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचा पॅरलल असेल तर फोर केबल सावधपणे. पॅरलल लूपमध्ये अँपचा मूळ सिग्नल सरळ पुढे जातो आणि मल्टीतून आलेला त्यात मिसळतो. मल्टी डिजिटल, त्यामुळे आत-बाहेर करताना थोडा उशीर होतोच. समजा २ मिलिसेकंद. दोन्ही समान मिसळले की २५० हर्ट्झला खड्डा पडतो, मग ७५०, मग १२५०, असं वरपर्यंत. गिटारचा सगळा गाभा तिथेच आहे. आवाज पोकळ, पाइपमधून आल्यासारखा येतो आणि लोक केबल बदलत बसतात. लूपच्या मिक्सचं बटण पूर्ण वेट (फक्त मल्टीतून आलेला सिग्नल) बाजूला फिरवा. तेवढं करूनही मूळ सिग्नल थोडा राहतच असेल तर त्या अँपवर फोर केबलचा नाद सोडून दिलेला बरा.

---

सोल्डरगंध

जर्सीवाला यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, माझ्याकडून राहिला होता.

आता हिस, कोथरूडच्या ताईंसाठी. नियम एकच: सिग्नल सुरुवातीला दमदार करा, पुढे जाऊन फुगवू नका. मधे कुठेही तो बारीक झाला आणि नंतर वाढवला, की त्याच्याबरोबर मधला सगळा कचराही वाढतो.

बघा कुठे-कुठे होतं. अँपच्या लूपची लेव्हल. काही अँपच्या लूपला मागे दोन लेव्हलचं बटण असतं, ब्लॅकस्टारच्या एचटी मालिकेत आहे, एक −१० ची आणि एक +४ ची. साधारण −१० डीबीव्ही म्हणजे ०.३२ व्होल्ट, +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. जवळजवळ १२ डेसिबलचा फरक, म्हणजे चौपट व्होल्टेज. मल्टीच्या सेटिंगमध्ये सेंड-रिटर्न इन्स्ट्रुमेंटला (गिटारसारखी कमी लेव्हल) ठेवायचा की लाइनला (जास्त लेव्हल), हे निवडता येतं. अँप लाइन पाठवतोय आणि मल्टी इन्स्ट्रुमेंटची वाट बघतोय, तर रिटर्नवर डिजिटल क्लिपिंग. ट्यूबची फाट गोड असते, ही काचेसारखी तडकते. उलट झालं तर सिग्नल बारीक, तुम्ही मास्टर वाढवता आणि सूं येते.

मल्टीचा सेंड अँपच्या पुढच्या इनपुटला जातो, तिथे इन्स्ट्रुमेंट लेव्हल. तिथे लाइन दिली तर क्लीन चॅनलही फाटतो.

लेव्हल जुळली की नाही हे कानाने ठरवा. मल्टीमध्ये सगळे ब्लॉक (इफेक्ट) बंद असलेला रिकामा पॅच (जतन केलेली सेटिंग) तयार करा, त्यात फक्त लूप चालू. तो वाजवा. मग मल्टी काढून गिटार सरळ अँपमध्ये, सेंड-रिटर्न मोकळे. दोन्ही वेळा आवाजाची उंची सारखी यायला हवी. मल्टीतून कमी येत असेल तर कुठे गळतंय ते शोधा, मास्टर वाढवून झाकू नका.

आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण: पॅचमध्ये अँप मॉडेल (अँपची डिजिटल नक्कल) चालूच राहिलेलं असतं. फॅक्टरी पॅच हेडफोन आणि पीएसाठी (स्टेजच्या साउंड सिस्टिमसाठी) बनवलेले असतात, त्यात प्रीअँप, कॅबिनेट, आयआर (स्पीकरच्या आवाजाची डिजिटल छाप) सगळं असतं. तेच घेऊन खऱ्या अँपच्या गेन चॅनलमध्ये शिरलात की गेनवर गेन चढतो आणि सूं धबधब्यासारखी येते. अँपचा प्रीअँप वापरायचा असेल तर मॉडेल बंद. मॉडेल वापरायचं असेल तर अँपचा पुढचा भाग सोडा आणि मल्टी सरळ अँपच्या रिटर्नला लावा, एकच केबल. दोन्ही वेळा कॅबिनेट आणि आयआर बंद, समोर खरा स्पीकर आहे.

ट्यूबकडेही एक नजर टाका. प्रीअँपमधली पहिली ट्यूब (१२एएक्स७) सूं करायला लागली असेल तर तिच्या जागी दुसरी लावून बघा. पेन्सिलच्या मागच्या टोकाने हळू टिचकी मारा. सगळ्याच थोड्या वाजतात, पण एखादी घंटेसारखी वाजली तर ती मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे हादरेही आवाजात उतरवते.

---

कोथरूडची_स्ट्रॅट

मॉडेल चालू होतं! बंद केलं, आवाज एकदम बदलला. सूं जवळजवळ गेली आणि अँप पहिल्यांदाच स्वतःसारखा वाजतोय. खूप आभार.

उरलेल्या थोड्या आवाजासाठी गेट कुठे ठेवू? पुढे की लूपमध्ये?

---

व्हॉल्व्हवेडा

गेटने ऐकायचं गिटारचं आणि दाबायचं प्रीअँपनंतर. गेन चॅनलमधून आलेला सिग्नल इतका दाबलेला असतो की सूर आणि सूं यांच्यातला फरक गेटला कळत नाही. गिटारमधून सरळ आलेला मात्र मोकळा असतो, तार थांबली की थांबतो. बॉसच्या एनएस-२ या गेट पेडलला चार जॅक याचसाठी आहेत: गिटार इनपुटमध्ये, आणि अँपचा प्रीअँप त्याच्या सेंड-रिटर्नमध्ये. तुमच्या मल्टीमध्ये गेट ब्लॉकला "इनपुट" किंवा "साइडचेन" म्हणून स्रोत निवडता येत असेल तर ब्लॉक लूपनंतर ठेवा आणि स्रोत गिटार इनपुट. नसेल निवडता येत तर एक हलका गेट सगळ्यात पुढे, एक हलका लूपनंतर. एकच कडक गेट लावण्यापेक्षा बरा.

सिंगल कॉइलची स्वतःची घूं गेटने झाकण्याआधी स्ट्रॅटचा पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवून बघा. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथे ती रद्द होते.

---

रियाज_रात्रीचा

मध्येच विचारतो. मल्टी यूएसबीने लॅपटॉपला लावला की किणकिण ऐकू येते, माउस हलवला की बदलते. तोही लूपच का?

---

सोल्डरगंध

हो. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा असेल तर यूएसबीच्या जाळीतून अर्थची आणखी एक वाट तयार झाली आणि लॅपटॉपच्या आतला डिजिटल गोंगाट त्या वाटेने आला. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेला तर तेच. रेकॉर्डिंगसाठी कायमचा उपाय हवा असेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो, पण तुमच्या मल्टीचा यूएसबी वेग त्याला झेपतो का ते घेण्याआधी बघा.

---

सहा_तारा

सगळ्यांनी सांगितलेलं क्रमाने केलं. लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

अँप एकटा शांत. सेंड-रिटर्न आखूड केबल, शांत. फक्त लूप, शांत. फक्त पुढून, शांत. चारही, घूं. म्हणजे सोल्डरगंध म्हणाले तसंच. केबल हलवल्यावर आवाज स्पष्ट बदलत होता, चौथी केबल ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने खाली नेली की सगळ्यात वाईट.

तिन्ही बांधून एका बाजूने नेल्यावर बरंच उतरलं. क्लीनवर ऐकू येईनासं झालं, गेनवर थोडं राहिलं. मग ३ आणि ४ ची जाळी एका टोकाला सोडवली. आता गेन चॅनलवर फक्त ट्यूबची सूं आहे. गेटची मर्यादा इतकी खाली आणली की सूर पूर्ण विरतो.

चर्रर्र पंख्याचीच. रेग्युलेटर बदलला.

आणि वायरमन बोलावला. फेज-अर्थ १३० च्या आसपास हेलकावत होतं. त्याने सॉकेट उघडलं तर हिरवी वायर स्क्रूतून निसटून मागे डब्यात पडलेली. जोडल्यावर २२८. म्हणजे अर्थ पिन शाबूत असूनही अर्थ नव्हताच. घरातले बाकीचे सॉकेटही तपासून घेतोय, फ्रिज आणि गीझरपासून सुरुवात.

---

व्हॉल्व्हवेडा

हे शेवटचं वाचून बरं वाटलं. घूं गेली त्याहून जास्त.

---

नवी_पिक

नमस्कार, धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे झूमचा जी१ फोर आणि फेंडरचा ब्लूज ज्युनियर आहे. मल्टीला सेंड-रिटर्न नाही, अँपलाही लूप नाही. माझ्यासाठी काही मार्ग?

---

सोल्डरगंध

आहे, आणि तुमचा मार्ग सगळ्यांपेक्षा शांत. यंत्रांच्या मधे एकच केबल, म्हणजे कडी तयारच होत नाही.

गिटार → जी१ फोर → ब्लूज ज्युनियरचा इनपुट. अँप क्लीनच्या बाजूला ठेवा, फाटण्याच्या अगदी अलीकडे. मल्टीमध्ये अँप आणि कॅबिनेट मॉडेल बंद, ड्राइव्ह पेडलचे ब्लॉक वापरा, डिले-रिव्हर्ब त्यांच्या नंतर. अँप क्लीन असेल तर डिले पुढून दिला तरी स्वच्छ येतो. मल्टीच्या पॅचची लेव्हल अशी ठेवा की बंद-चालू केल्यावर आवाज सारखा राहील. मल्टीचा आउटपुट हेडफोनसाठीही तोच आहे, त्यामुळे लेव्हल सहज जास्त होते आणि १५ वॅटचा अँप लवकर फाटतो. अडॅप्टर ९ व्होल्टचा, आतली पिन निगेटिव्ह असलेलाच. कोणताही फोन चार्जर जुगाड करून लावू नका, सूं आणि किणकिण बहुतेक तिथूनच येते. शंका आली तर मल्टी बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर अडॅप्टर बदला.

आणि हे सगळ्यांसाठीच: ट्यूब अँपच्या स्पीकर आउटपुटमधून मल्टीत कधीही काही आणू नका, आणि स्पीकर काढून अँप चालू करू नका. पहिल्याने मल्टी जळतो, दुसऱ्याने अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

---

नवी_पिक

आज रात्रीच बॅटरीवर लावून बघते. केबल किती लांब चालेल?

---

सोल्डरगंध

गिटार ते मल्टी तीन मीटर पुरे, तिथे लांबीने वरचे सूर जातात. मल्टी ते अँप सहापर्यंत बिनधास्त.